पहिलं बोट

नंदुरबार
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

ती. भूपेंद्रभाऊस,
चेतनाचा नमस्कार. मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुम्ही सगळे खुशाल असालच. वहिनींचा गुडघा कसा आहे? पपईवर यंदा रोग कमी आहे असं तू म्हणालास, ते ऐकून बरं वाटलं.

एकाच तालुक्याच्या अंतरावर बसून ही बाई पत्र काय लिहिते, म्हणून तू हसशील. या आठवड्यात तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा कापसाचा भाव विचारला आणि ठेवून दिला. मला कापसातलं काय कळतं? जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून लिहिते.

सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या मंडपात, माझा सत्कार करायचं तुम्ही ठरवलंत. ‘आपल्या गावची शास्त्रज्ञ’ म्हणून फलकही छापायला गेला म्हणे. तो थांबव, भाऊ. का ते सांगते.

माझे एकतीस शोधनिबंध छापून आले. त्यातल्या एकाचंच नाव जो तो घेतो. सिकलसेल या रक्तदोषावरचा, चौदा वर्षांपूर्वीचा. तोरणमाळच्या पाड्यांपासून तापीकाठापर्यंत गावोगाव फिरून मी रक्त तपासलं होतं. माझी एक रीत तुला ठाऊक आहे. लोक सुईला घाबरतात, म्हणून प्रत्येक गावात पहिलं बोट माझं. मी स्वतःला टोचून घ्यायची, हसायची, मग बाया पुढं यायच्या. ते पहिलं रक्त फक्त दाखवण्यापुरतं, ते मोजायचं नाही, हा नियमही माझाच. स्वतःचं रक्त मी कधी तपासत नव्हते, नुसता थेंब दाखवून पुसून टाकायची.

आपल्या गावात मात्र माझं बोट पुरलं नाही. आठव, मारुतीच्या पारावर सगळे हाताची घडी घालून उभे होते. बन्सीलालकाका म्हणाले, “हाऊ डोंगरमातला आजार शे. आम्हले कसाले सुया टोची ऱ्हायनात?” तेव्हा आबा उठले. “मन्ही पोर सांगस ते ऐका. पहिले मन्हा पोऱ्या बोट देई!” आणि तू पैरणीची बाही सारत पुढं आलास. लोक म्हणाले, नुसतं टोचून काय, तपासून दाखव. मी दोन नळ्या घेतल्या, एकीत तुझा थेंब, एकीत माझा. दोष नसेल तर नळीतलं पाणी स्वच्छ राहतं, असेल तर गढूळतं. पाच मिनिटं थांबावं लागतं.

आपल्या दोघांच्याही नळ्या गढूळल्या, भाऊ.

मी त्या मुठीत झाकल्या. तू विचारलंस, “काय ऊनं वं बाई?” मी म्हणाले, “काही नही, साफ शे.” आबांनी सगळ्या गावाकडं अशा ताठ मानेनं पाहिलं, की मी नळ्या तशाच पिशवीत टाकल्या. मग दोनशे बारा लोकांनी रक्त दिलं. त्यांत एकातही दोष निघाला नाही. आपलं रक्त मी नंतर मोठ्या यंत्रावर पुन्हा तपासलं. उत्तर तेच. दोघांच्याही रक्तात दोष आहे, अर्धा, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच आलेला. अर्ध्या दोषानं माणसाला सहसा काही होत नाही. तुला झालं नाही, मला झालं नाही, आणि याच गोष्टीनं मी चौदा वर्षं स्वतःची समजूत घातली.

पहिलं बोट मोजायचं नाही, या नियमाआड मी लपले. तक्त्यात शून्य लिहिलं. त्याखाली लिहिलं, की सपाटीवरच्या शेतकरी कुटुंबांत ही तपासणी सरसकट करायची गरज दिसत नाही. त्या शून्याला टाळ्या मिळाल्या, मला बढती मिळाली. डोंगरातल्या रूपलीबाई, ज्यांनी माझ्यासोबत पाडेच्या पाडे पालथे घातले, एकदा म्हणाल्या, “ताई, तुमच्या गावात कोणालाच नाही? नशीबवान आहात तुम्ही.” मी ‘हो’ म्हणाले. त्यांची नात आठ वर्षांची आहे, तिला दोष आईबाप दोन्हीकडून आला, म्हणजे पुरा. थंडी पडली की तिची हाडं ठणकतात. मी पाहिलंय तिला, गोधडीचं टोक दातांत धरून पडलेली. रडतसुद्धा नाही, रडलं की जास्त दुखतं म्हणते.

तुझ्या नेहलच्या लग्नात तुला सांगणार होते. हळदीच्या दिवशी दोनदा तुझ्यामागं खळ्यात आले. मग वाटलं, सोयरीक मोडली तर? जेवले, नाचले, परत आले.

गेल्या सोमवारी माहेरी आलेल्या नेहलचा फोन आला. अकरावा आठवडा लागलाय, पोटात मळमळतं, चिंच खावीशी वाटते, सगळं सांगितलं. मी विचारलं, सिकलसेलची तपासणी झाली का गं? ती हसली. “आत्या, डॉक्टर म्हणे, ती तपासणी तुमना लोकस्ले लागत नही. तुन्हाच लेख दखाडा त्यास्नी मोबाईलमा.”

तेव्हापासून मला अन्न जात नाही.  नेहलचा नंबर दिसला की आधी देवाचं नाव येतं तोंडात, माझ्यासारखीच्या!

घाबरू नकोस असं म्हणायला मला तोंड नाही. पण नीट वाच. तुझा दोष नेहलमध्ये आला असेलच असं नाही, शक्यता निम्मी आहे. तिच्यात असला आणि जावईबापूंमध्ये नसला, तरी बाळाला पुरा आजार होणार नाही. दोघांमध्ये निघाला, तरच बाळाची तपासणी करावी लागेल, आणि त्याला अजून वेळ आहे. फार नाही, पण आहे. हा वेळ मला तुझ्याकडून चोरायचा नाही.

डॉक्टरांना सांगून गुपचूप रक्त तपासून घ्यावं, असंही मनात आलं होतं. कोणाला कळलं नसतं. पण ते पुन्हा मूठ झाकणंच झालं असतं. नेहलचं रक्त तपासलं जाईल, पण माझा लेख वाचून ज्या पोरींना परत पाठवलं असेल त्यांचं काय? त्या किती, मला ठाऊक नाही. ते शून्य खोटं आहे, मीच लपवलं होतं, असं आज सकाळी तो लेख छापणाऱ्या मासिकाला लिहून पाठवलं. आता नोकरी राहील का, माहीत नाही. त्याची भीती वाटतेच. पण नेहलच्या भीतीपुढं ती लहान आहे.

आबा नाहीत, याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं. असं लिहिणारी पोर त्यांच्या पोटी आली.

जावईबापू उद्या नेहलला न्यायला येणार आहेत ना? हे पत्र घेऊन गोवाल उद्या सकाळी येईल. आमच्या प्रयोगशाळेत तो रक्त काढतो, हात अगदी हलका आहे. तुझं वाचून होईपर्यंत तो ओट्यावर बसेल. त्याला चहा दे, आणि दोघं घरात असतानाच त्याला आत बोलाव. मला शिव्या नंतर दे, मी ऐकायला येईन. शालीसाठी नाही.

नेहल सुईला फार घाबरते, लहानपणापासून. तिच्याआधी तू बोट पुढं कर, भाऊ, तेव्हासारखं. या वेळी ते मोजलं जाईल.

तुझी, अजून म्हणवत असेल तर,
चेतना