सेलिनुन्तेचे दगड

त्रापानी, सिसिली बेट (इटली)
२ सप्टेंबर १९७३

तीर्थस्वरूप आई,

अरुंधतीचा साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र आमच्या तोरिनोच्या घरच्या पत्त्यावर आलं होतं, ते शेजारणीनं इकडे धाडलं. चिंचवडात गणपती बसले असतील. आरतीच्या वेळेला मी इथल्या खिडकीत उभी राहून हात जोडले. समोर समुद्र होता आणि खाली कुणीतरी मासे तळत होतं, पण मन तुमच्या ओसरीवर होतं.

आमची प्रकृती उत्तम आहे. तुम्ही विचारलंत की श्यामच्या हातचं पत्र का येत नाही. तोरिनोतलं प्रशिक्षण संपत आलंय, त्यामुळे यांच्यामागे कामाचा रगाडा फार. कारखान्यातून येतात ते दमूनच. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे.

आता सहलीचं सांगते. यांच्या विभागाचे मुख्य साल्वातोरे म्हणून आहेत. साठीच्या घरातले, आवाज असा की दापोडीच्या फाटकाजवळ बोलले तर कासारवाडीला ऐकू जावं. ते मूळचे या बेटावरचे. ऑगस्टमध्ये इकडचे कारखाने बंद असतात, तेव्हा हे गृहस्थ गावी येऊन स्वतःची शिडाची होडी काढतात. यंदा आम्हा दोघांना घेऊन आले. म्हणाले, "यंत्रं तर तुम्ही भारतातही बघाल. माझा समुद्र बघून जा."

पहिल्या दिवशी मला होडी लागली. पोटात काही ठरेना. साल्वातोरेंनी लिंबाची फोड चोखायला दिली आणि दूर किनाऱ्याकडे नजर ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र मी माणसात आले. आई, समुद्राचा असा रंग मी कधी पाहिला नव्हता. पैठणीच्या काठात मोरपंखी असतो ना, तो सगळ्या पदरभर पसरावा तसा. किनाऱ्यावर मिठागरं, पांढरे ढीग, मध्येच पवनचक्क्या. हे माझ्याशेजारी बसून विचारायचे, "आता काय दिसतंय?" मी सांगायची. साल्वातोरेंनी यांच्या हातात शिडाची दोरी दिली होती. दोरी थरथरली की वारा फिरला, हे यांनी तासाभरात ओळखायला सुरुवात केली. "बघायचं कशाला," म्हणाले, "हाताला कळतंय."

मारिनेल्ला नावाच्या कोळ्यांच्या गावी पोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. मी आधी धक्क्यावर उतरले. मागे वळून हात पुढे करणार तोच पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. हे होते. धक्का आणि होडी यांच्यामधल्या फटीत पाऊल गेलं होतं. साल्वातोरेंनी पालथं पडून यांची कॉलर धरली, दोन कोळी धावले, आणि सगळ्यांनी मिळून यांना वर ओढलं. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. घाबरू नका.

साल्वातोरे भीतीनं संतापून लालबुंद झाले होते. ओरडले, "एवढी फट! पायाखाली बघता येत नाही का तुम्हाला?"

हे ओलेचिंब, थरथरत उभे. म्हणाले, "नाही. बघता येत नाही."

त्यांच्या मोडक्यातोडक्या इटालियनमधलं ते एक वाक्य अगदी स्वच्छ होतं.

आई, मी आतापर्यंत इकडचं तिकडचं लिहीत बसले. कागदाची एक बाजू भरली तरी हात मुद्द्यावर येईना. यांना अंधार पडल्यावर दिसत नाही. दिवसासुद्धा मधल्या बांगडीएवढ्या गोलातूनच दिसतं, कडेचं सगळं गेलंय. पिंपरीला असतानाच रात्रपाळीत एकदा ढकलगाडीवर आदळले होते. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, तोरिनोच्याही डॉक्टरांनी तपासलं. दोघांचं म्हणणं एकच. अण्णासाहेबांना जे झालं होतं तेच वडिलांकडून यांच्याकडे आलंय. औषध नाही. किती वर्षं उरलीत ते कुणी सांगत नाही. हळूहळू जाईल, एवढंच म्हणतात. लिहिताना ओळ सुटते, अक्षरं एकमेकांवर चढतात, म्हणून पत्र लिहीत नाहीत.

यांनी माझ्याकडून शपथ घेतली होती. "माझ्या आईनं बारा वर्षं अण्णांना सांभाळलं. ते संपून दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. तिला पुन्हा तेच बघायला लावायचं नाही." मी ती पाळली. तुमच्या प्रत्येक पत्राला उत्तर देताना खरं लिहून टाकावंसं वाटायचं, पण पाळली. आज लिहितेय ते यांच्या सांगण्यावरून. ते कसं झालं तेही सांगते.

त्या संध्याकाळी आम्ही कोळ्यांच्या खाणावळीत बसलो. हे घास गिळेनात. म्हणाले, "उद्या परत फिरू. मला आता काही बघायचं नाही." साल्वातोरेंनी आधी यांच्या डोळ्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोक इथल्या जुन्या देवळांचे अवशेष बघायला सकाळी नाहीतर संध्याकाळी जातात. आपण भर दुपारी जायचं. ऊन डोक्यावर असलं की सावली नाही, अंधार नाही. तुमच्या डोळ्यांना जेवढा उजेड लागतो तेवढा सिसिलीत आहे." त्यांनी कीव केली नाही, उपदेश केला नाही. फक्त वेळ बदलली. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि आई, काय पाहिलं आम्ही! समुद्राच्या अगदी काठावरच्या टेकाडावर एक अख्खं शहर होतं, सेलिनुन्ते. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी वसवलेलं. समुद्रापलीकडच्या, आफ्रिकेतल्या कार्थेजच्या सैन्यानं ते लुटलं, पुढे भूकंपांनी उरलेलं पाडलं. एक देऊळ अलीकडे पुन्हा उभं केलंय, मधासारख्या पिवळ्या रंगाचं, खांबाखांबांतून समुद्र दिसतो. त्याच्या पलीकडचं मोठं देऊळ मात्र पडलंय तसंच पडून आहे. खांबांचे गोल तुकडे, एकेक तुकडा बैलगाडीपेक्षा मोठा, दगडांचा नुसता डोंगर. मध्ये एकच खांब उभा. सगळीकडे रानटी अजमोद्यासारखं काहीतरी उगवलेलं. साल्वातोरे म्हणाले, या शहराचं नावच त्या झाडावरून पडलं.

यांचा हात माझ्या कोपरावर होता आणि मी अर्धं पाऊल पुढे चालत होते. "दोन पायऱ्या आहेत. आता डावीकडे उतार. समोर खांब, त्यावर चर कोरलेत, वरच्या टोकावर एक पाखरू बसलंय." बोलता बोलता मी थबकले. हा आवाज माझा नव्हताच, तुमचा होता. मी नवी नवरी असताना तुम्ही अण्णासाहेबांना रोज पवनेच्या घाटावर न्यायच्या. "आज पाणी तिसऱ्या पायरीला आलंय. पलीकडे म्हशी उतरल्यात. एक पोर शेपटाला धरून पोहतंय." मला तेव्हा वाटायचं, काय या बाई एवढं बोलतात! तुम्ही त्यांना नदी दाखवत होता, हे मला सेलिनुन्तेला कळलं.

हे एका आडव्या दगडापाशी थांबले, हातानं चाचपू लागले. दगडाच्या टोकाला घोड्याच्या नालासारखी खोल खाच होती. खाचेत बोटं फिरवताना यांचा चेहरा पालटला. "अगं, ही दोरासाठी! दगड दोरानं उचलायचा, जागेवर बसवायचा, आणि दोर खाचेतून ओढून घ्यायचा. वरून दुसरा दगड बसला की खाच झाकली जाणार. कुणाला दिसणारही नाही." साल्वातोरे लहानपणापासून इथं येतात, तरी तेही वाकून बघायला लागले. दोघं या दगडावरून त्या दगडावर फिरू लागले, खाचा शोधत, हातवारे करत वाद घालत. मी एका खांबाच्या तुकड्याला टेकून बसले आणि मला रडू आलं. किती महिन्यांनी यांचा तसा चढा आवाज ऐकला होता.

हे परत आले ते घामाघूम. म्हणाले, "एवढं मोठं देऊळ मला एका नजरेत दिसत नाही. पण इथं ते कुणालाच दिसत नाहीये. सगळेच तुकडे जोडून बघतायत."

दुसऱ्या दिवशी साल्वातोरेंनी भाड्याची गाडी केली आणि जिथून हे खांब काढले त्या खाणीवर नेलं. ऑलिव्हची झाडं, शुकशुकाट. खडकात खांबांचे तुकडे अर्धे कोरलेले, बुडाशी अजून डोंगराला चिकटलेले. शत्रू आला आणि कारागीर काम टाकून पळाले, ते परतलेच नाहीत. हे एका तुकड्याभोवतीच्या चरात उतरले आणि दगडाला तळवे टेकून उभे राहिले. वर आले तेव्हा म्हणाले, "आईला लिही."

मी म्हटलं, "नक्की?"

"नक्की. मी तिला वाचवतोय असं मला वाटत होतं. खरं तर मलाच तिच्यासमोर जायची भीती वाटत होती." मग म्हणाले, "आणि कंपनीतही सांगणार. कामावरून काढतील तर काढतील. पण यंत्रावर शिकाऊ मुलांना शिकवायला मला अजून पुष्कळ उजेड आहे."

आम्ही या महिनाअखेर विमानानं मुंबईला येतो. कंपनी काय म्हणेल माहीत नाही. मला अजून रोज भीती वाटते, यांना तर वाटतेच. तरी आता जेवताना हे गप्प बसत नाहीत, आणि पायरी आली की न लाजता माझा हात धरतात.

तुम्ही हे पत्र वाचून रडाल. रडा आई, पण शेजारच्या इंदुताईंना जवळ बसवून घ्या, एकट्या राहू नका. आणि पुन्हा सगळं तुमच्यावर टाकायला मी येत नाही. मला फक्त विचारायचंय. वर्तमानपत्रातलं कोणतं वाचायचं आणि कोणतं सोडायचं? माणूस चिडला की हात सोडायचा की धरून ठेवायचा? स्वतःला रडू आलं तर आवाज कसा सरळ ठेवायचा? हे तुम्ही कुणालाच कधी विचारलं नसेल. तुम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. मला तुम्ही आहात.

सून म्हणून तुमच्या घरी आले होते,
आता शिकायला येत आहे.

तुमची,
अरुंधती