मॉरागकाकूंची शिटी

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

गुडघा कसा आहे? होडीवर एकटे जाऊ नका.

आमच्या रानात शिकारी कुत्र्यांची, पडलेला पक्षी शोधून आणण्याची राष्ट्रीय स्पर्धा छान पार पडली. शेवटी गोळी लागलेला एक रानकोंबडा रानाच्या दगडी भिंतीपाशी पडला आणि जखमी असूनही पळाला. तीन कुत्री रिकाम्या तोंडानं परतली. स्पर्धेतल्या मॉरागकाकूंची म्हातारी कुत्री मात्र भिंत सोडून ओढ्याकडे सुटली.

यजमान मी, रानाचा माहीतगार! कुजबुजलो, "काकू, शिटी मारून तिला परत बोलवा, चुकतेय ती!"

"गप रे. नाक तिला आहे, तुला नाही."

शिटी खिशातच राहिली. कुत्री कोंबडा घेऊन ओढ्यातून वर आली, पीसही न विस्कटता.

बाबा, तुमची मासेमारीची होडी सोडून मी इकडे रानाच्या कामाला निघालो, तेव्हा धक्क्यावर तुम्हीही मला हाक मारली नाहीत. बारा वर्षं त्याचा राग होता. ती शिटी खिशातच राहिलेली पाहिली, आणि तो गेला.

तुमचाच,
डूगल