जस्मिनचा दम

प्रिय जस्मिन, सलाम.

काल दौंडला तुझ्या घरी आलो, तेव्हा चहा करता करता तू मध्येच स्टुलावर टेकलीस. हृदयाची झडप दुरुस्त करून आठ महिने झाले, तरी तुला दम लागतोय.

तू म्हणालीस, "झडप चांगली बसलीय, दादा. पण फुप्फुसातला दाब आधीच लई वाढला होता, तो आता पुरता उतरायचा न्हाई. लवकर कळायला पायजे होतं, म्हणतात डॉक्टर."

मी उठून चहा गाळला.

मला कळलं होतं, जस्मिन. तुझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात शिरूरच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावून सांगितलं होतं, "झडप गळतीय. आत्ताच दुरुस्त केली तर पोरगी ठणठणीत होईल." सोयरीक मोडेल म्हणून मी घरी दमा सांगितला. नऊ वर्षं तू दम्याचा पंप ओढत राहिलीस.

परत येताना बसमध्ये आपली मिशनची शाळा आठवत होती. शाळा सुटली की आपण चर्चपर्यंत शर्यत लावायचो. तू आधी पोचायचीस आणि मी धापा टाकत येईस्तोवर पायरीवर बसून अख्खं गीत म्हणायचीस. नाताळात तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत यायचा.

निघताना तू दारापर्यंत आलीस. म्हणालीस, "ऑपरेशनसाठी तू धावपळ केलीस म्हणून मी हाय, दादा."

म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही. तुझ्या तोंडचं 'दादा' मला गमवायचं नाही.

तुझा भाऊ,
गिदोन