मोटर टेस्टिंगचं तळं

उचगाव, ता. करवीर
४ मे २०२५

चि. तहरीम हिस,

अनेक दुआ. आम्ही इकडे ठीक आहोत. तूही भंडाऱ्याला ठीक असशील. तिकडचं ऊन टीव्हीवर दाखवतात. पाणी पीत जा.

पत्र बघून तुला वाटेल, अब्बांना झालं तरी काय, फोन आहे की. पण फोनवर तू तुझ्या अम्मीशी बोलतेस, मीही तुझ्या अम्मीशीच बोलतो, आणि मधल्या मधे तिचा जीव जातो. शिवाय हे काम तिच्या तोंडून तुझ्यापर्यंत नीट पोचायचं नाही. तिच्या लेखी मासे दोन जातींचे, एक तळायचे आणि एक कालवणाचे.

काम असं आहे. दुकानाच्या मागं परसात मी तळं खणलंय. दुरुस्त केलेली मोटर पाण्यात घालून बघावी लागते, ते तुला माहीत आहे. पिंप पुरेना म्हणून तळं. नुसतं पाणी ठेवून काय करायचं, म्हणून रोहू आणि कटला सोडले. तेवढ्यात शेजारच्या गणपतरावांनी बादलीभर पिल्लं आणून ओतली. म्हणाले, "रोहूचीच हायत, नदीतली. फुकट हायत, घे." फुकट म्हणून मी गप्प बसलो आणि तिथंच फसलो. ती निघाली चिलापी.

आता तळ्यात पाणी कमी आणि चिलापी जास्त, अशी गत आहे. जाळं टाकून काढली, गल्लीत वाटली, तुझ्या अम्मीनं तळून तळून तेलाचा डबा संपवला. महिना जात नाही तोवर परत तेवढीच. रोहू बिचारे बोटभराचे ते बोटभरच राहिलेत, त्यांच्या वाट्याला काही येतच नाही.

यावर चिलापीची पिल्लं खाणारा मासा सोडायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. कुठला, यावर दुकानात रोज पंचायत भरते आणि माझं वाइंडिंग तसंच राहतं. शोभेच्या माशांचं दुकान चालवणारा सम्राट म्हणतो, "काका, अलिगेटर गार घ्या. मगरीसारखं तोंड हाय त्याला. बघत बसाल." गणपतराव म्हणतात थाई मांगूर घे, दगड सोडून काय बी खातंय. मांगूरवरून तू एकदा जेवताना फार तावातावानं बोलली होतीस, एवढं आठवतं. काय बोललीस ते आठवत नाही.

मला कायद्याची भानगड नको आणि आपल्या पाण्यातला नाही असा मासाही नको. मरळ, वाम, शिवडा, गावठी मांगूर, यातला कुठला चालेल आणि रोहूला हात लावणार नाही, ते तुमच्या मत्स्य खात्यात विचारून कळवावे.

आपला,
रशीद मुजावर
रशीद मोटर वाइंडिंग वर्क्स, उचगाव


भंडारा
१६ मे २०२५

प्रिय अब्बा,

सलाम. पत्र मिळालं. खाली दुकानाचा शिक्का बघून आधी वाटलं, ऑफिसातली मोटर जळाली की काय.

खात्यात विचारायची गरज नाही. मी तेच काम करते.

थाई मांगुरावर आपल्या देशात बंदी आहे. पाळायचा नाही, विकायचा नाही, सोडायचा तर मुळीच नाही. जेवताना मी हेच सांगत होते. गावठी मांगूर वेगळा आणि चांगला, पण गावठी म्हणून बाजारात थाईच गळ्यात मारतात आणि पिल्लं लहान असताना भल्याभल्यांना फरक कळत नाही. तुम्ही त्या फंदात पडू नका. सम्राटच्या गारचं तर नावही काढू नका. तो परदेशी मासा आहे. एका पावसात तळं भरून वाहिलं की ओढ्यानं पंचगंगेत जाईल, आणि नदीत गेलेला मासा परत कुणी काढून दाखवलेला नाही. चिलापी तरी दुसरं काय आहे, तीही बाहेरूनच आलेली.

शिवडा आपलाच, पण भलताच वाढतो. चिलापीबरोबर तुमचे रोहूही संपवेल. वाम चिखलात लपून राहते आणि किडे, गांडुळं खाते. तिच्याच्यानं हे काम होणार नाही.

मरळ घ्या. आपली आहे, तिच्यावर बंदी नाही, आणि तोंड वर काढून हवा घेते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खराब झालं तरी तग धरते. चिलापीची पिल्लं ती आवडीनं खाते. मात्र नदीतून धरून आणू नका, पावसाळा हा तिचा विणीचा काळ असतो. नोंदणी असलेल्या मरळ पाळणाऱ्याकडून घ्या, वर्षभराच्या, आणि पावती मागा. मोठ्या चिलापी जाळ्यानं काढत राहा. रोहू मरळीच्या तोंडात मावणार नाहीत एवढे होईपर्यंत त्यांना वेगळ्या टाकीत ठेवा. काठाला सगळीकडून जाळी लावा, कारण पावसात मरळ उडी मारून बाहेर पडते आणि ओल्या गवतातून चालू लागते.

किती सोडायच्या ते सांगता येत नाही. तुम्ही तळ्याची लांबी-रुंदी लिहिलेलीच नाही. मोटर बघायला एवढं तळं लागतं कशाला, हेही लिहिलेलं नाही. सध्या चार जोड्या सोडा.

आणखी एक. पावसाळ्यात पाण्यावर लाल ठिपक्यांचा गोळा फिरताना दिसला तर ती मरळीची पिल्लं. त्यांच्याखाली आईबाप राखण करतात, बाप जास्त. तिथं हात घालू नका, चावतो. पिल्लं मोठी झाली की त्यांनी लांब जायचं असतं. तिथंच राहिली तर तेच आईबाप त्यांना गिळायला कमी करत नाहीत. हे पुस्तकात आहे, टोमणा नाही.

अम्मीला सांगा, पाणी पिते.

तुमची,
तहरीम


उचगाव
३१ ऑगस्ट २०२५

प्रिय तहरीम,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अर्धा पावसाळा गेला. आधी काम करावं, मग लिहावं म्हटलं.

मरळी आणल्या, चार जोड्या, पावतीसकट. पावती दुकानात काचेखाली लावली आहे. गणपतराव येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात, "माशाचं बी बिल असतंय, बघा पावणं." सम्राट थोडा नाराज आहे. त्याला म्हटलं, माझ्या पोरीनं न्हाय म्हटलंय, विषय संपला.

जाळी लावायला मी आळस केला. पहिल्याच मोठ्या पावसात एक मरळ चालत मोरीपर्यंत आली. पहाटे नमाजाच्या वजूसाठी उठलेल्या तुझ्या अम्मीला वाटलं साप. तिचा आवाज ऐकून अर्धी गल्ली काठ्या घेऊन आली. मरळ परत तळ्यात सोडली, जाळी त्याच दिवशी बांधली. अम्मी अजून माझ्याशी धड बोलत नाही, म्हणजे आता तुझ्याशी मी कुणामार्फतही बोलू शकत नाही.

चिलापी आटोक्यात आहे. टाकीतले रोहू वाढले, आता त्यांनाही तळ्यात सोडलंय.

जुलैत तो लाल गोळा दिसला. तू लिहिलं होतंस तरी मी हात घातला. बोटाला टाका पडला. बाप खरंच चावतो. पण मग माझी पंचाईत झाली. मोटर तळ्यात घालून चालू केली तर पिल्लं आत ओढली जाणार. तेव्हापासून एकही मोटर मी तळ्यात घातलेली नाही. सगळ्या मोटरी हातगाड्यावर घालून गणपतरावांच्या विहिरीवर नेतो. ते परवा म्हणाले, "रशीदभाई, तळं मोटरीसाठी खणलंस, आन् मोटरी माझ्या हिरीवर. डोकं फिरलंय व्हय तुझं?"

आता लांबी-रुंदीचं सांगतो.

पन्नास फूट बाय तीस फूट. एवढ्यात एक मोटर काय, सगळ्या उचगावच्या मोटरी बसतील. ही तीच जागा, जी तुझ्या घरासाठी मी ठेवली होती. लग्न झाल्यावर तुम्ही इथंच राहाल म्हणून पाया आखून पांढरी फक्कीसुद्धा मारली होती. तू जयसिंगपूरच्या स्थळाला नाही म्हणालीस आणि नोकरीवर गेलीस. चूक कुणाची ते तुझ्या अम्मीला विचार, ती दोघांनाही सोडत नाही. तू गेल्यावर ती फक्की मला रोज दिसायची. पावसानं पुसेल म्हटलं, पण मी मारलेली फक्की, चांगली जाड होती. मग जेसीबी बोलावला आणि रेघेच्या आतलं सगळं खणून घेतलं.

रागानं खणलं असं सगळ्यांना वाटतं. पहिले दोन तास रागच होता. मग खड्डा बघून मनात आलं, घर बांधून ठेवलं तर ही यायची नाही. पाणी भरलं तर येईल कदाचित. निदान मासे सोडले तर काही विचारायला तरी होईल. मोटरीचं नाव मी नंतर दिलं.

पिल्लं आता काळी झाली, बोटभर झाली आणि तळंभर पांगली. मी रोज सकाळी चहा घेऊन काठावर बसत होतो. बापानं एकही गिळलेलं मी तरी बघितलं नाही. पण पिल्लं गेली तरी तो त्या कोपऱ्यातून हलत नाही. तिथंच वर येऊन हवा घेतो आणि परत खाली जातो. हे तुमच्या पुस्तकात आहे का, बघून सांग.

जयसिंगपूरच्या मुलाचं लग्न झालं. आता तो विषय कुणी काढणार नाही, मीही नाही.

मला तुझी फार आठवण येते. चार दिवस घरी ये. गोंदियाची गाडी कोल्हापुरातून सुटते आणि भंडारा रोडला थांबते, ते मी चौकशी करून ठेवलंय. तू गेलीस तेव्हा स्टेशनवर तुझी अम्मी एकटीच आली होती. या वेळी आणायला मी येईन. आणि जायच्या दिवशी तुझी बॅग उचलून गाडीत ठेवायलाही मीच येईन.

शिक्का मारलेला नाही.

तुझा,
अब्बा