‘पाहिले’ या शेऱ्याची विल्हेवाट

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, इंटरनेट पत्ता नोंदणी कार्यालयाचा निवृत्त अधिकारी, गुडघे वगळता शरीराने धडधाकट आणि साहेबांचे मत वगळता बुद्धीने शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हेही थोडे रागातच आहे, पण वकीलबाई म्हणतात, चालते.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व न्हाणीघर, माझ्या भाचीला द्यावे. न्हाणीघराचे दार उचलून लावावे लागते, त्यावरून मला नावे ठेवू नयेत.

कलम २. बँकेत जे असेल तेही तिलाच. माझ्या नावाने पासवर्ड मागणारा फोन आला तर तो मी नाही. मी मेलेला असेन.

कलम ३. निरोप समारंभात मिळालेला पेनांचा संच, ज्यावर माझे नाव चुकीचे कोरले आहे, तो साहेबांना परत करावा. कोरण्यापूर्वी त्यांनी ते नक्कीच ‘पाहिले’ असणार.

कलम ४. ‘पाहिले’ हा रबरी शिक्का. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

घराला नंबर लागतो तसा इंटरनेटवर यायला क्रमांक लागतो. हे क्रमांक गठ्ठ्याने वाटायचे आणि कोणाला दिले ते वहीत लिहायचे, एवढे आमचे काम. अर्जावर ‘तपासले’ लिहिले तर उद्या अंगाशी येते. ‘पाहिले’ला मरण नाही. डोळे होते, कागद समोर होता, पाहिले. मी सव्वीस वर्षे पाहिले.

असाच एक अर्ज पाहिला. कंपनीचा पत्ता होता: तरणतलाव, कपडे बदलण्याची खोली क्रमांक तीन. मी शिक्का मारला. त्या क्रमांकांवरून ‘तुमची ई-मेलची पेटी भरली आहे, पासवर्ड द्या’ असे नकली पान निघाले, आणि माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, पासवर्ड दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या चारशे माजी विद्यार्थ्यांना तिच्या नावाने पत्र गेले की बाई परदेशात इस्पितळात अडकल्या आहेत, मदत पाठवा. ‘खोटं बोलू नका’ हे ज्या बाईने जन्मभर फळ्यावर लिहिले, तिला लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, “पाय कापला म्हणे?”

तिने आमच्या कार्यालयाकडे रीतसर तक्रार केली. तिला छापील उत्तर गेले: “महोदया, आम्ही केवळ नोंदवही ठेवतो. नोंदीतला माणूस काय करतो याला आम्ही जबाबदार नाही. कृपया नोंदीतील तक्रार-पत्त्यावर लिहावे.” खाली सही माझी. वर नाव कोणाचे आहे तेही मी वाचले नव्हते. आणि तक्रार-पत्ता अर्जदाराने स्वतःचाच दिला होता. चोराची तक्रार चोराकडे गेली. त्याने तिला फार नम्र उत्तर पाठवले. माझ्यापेक्षा नम्र.

ताई घरी आली, ते पत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “गावभर चोरांना घरांचे नंबर वाटतोस, आणि वर म्हणतोस, मी फक्त पाट्या रंगवतो.” त्यानंतर अकरा वर्षे ती माझ्याशी बोललेली नाही. तिचे बरोबर होते. हे मी तोंडाने कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहितो.

सबब, सदर शिक्का विळीने कापून टाकावा. कोणालाही देऊ नये.

कलम ५. हिरवी वही माझ्या खुर्चीवर आता जो कोणी बसतो त्याला द्यावी. शेवटची तीन वर्षे मी नोंदीतल्या प्रत्येक तक्रार-पत्ता स्वतः फोन करून तपासला, त्याची ही वही. साहेब म्हणाले, “आपण पोस्टमन आहोत, पोलीस नव्हे.” मी म्हणालो, “पोस्टमनला निदान घर आहे की नाही एवढं तरी ठाऊक असतं, साहेब.” पत्ते खोटे निघाले ते एकसष्ट गठ्ठे परत घेतले. पहिला, खोली क्रमांक तीनचा. साहेबांनी पुढे माझ्याशी फक्त चिठ्ठीने बोलणे ठेवले.

कलम ६. ताईला काहीही ठेवत नाही. यात आकस नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीदाराने मला सही करताना समोर बसून पाहावे लागते. म्हणजे इथे यावे लागते. मी लगेच तिचा वाटा खोडला. हा मसुदा तिला पाठवला आहे. ती आली तरच मी सही करीन, नाहीतर हे बाद. तिची लेक म्हणजे माझी भाची म्हणाली, “मामा, तुम्हा दोघांच्या हट्टापायी माझं घर जायचं.” जाईल. मला ताई यायला हवी आहे.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल. चौदा मार्च, दुपारी सव्वाचार.

सही: नोंदणी अधिकारी (निवृत्त)

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. सही.

साक्षीदार दुसरी: थोरली बहीण, मुख्याध्यापिका (निवृत्त). सही. शेरा: पाहिले नाही, तपासले. कलम चारमध्ये अकरा वर्षे लिहिली आहेत, बारा हवीत. विळीने रबर कापू नये, धार जाते. न्हाणीघराचे दार उचलावे लागत नाही, वरच्या बिजागरीचा स्क्रू सैल होता, तो पिळला. खालची बघायला रविवारी येते.