सात आला कुठून?

३ मार्च
पुन्हा सात! आमच्या साडेसातीनं आज त्याच्या ब्लॉगवर परत ठोकून दिलं — एक नोट वर्षभरात सरासरी सात वेळा हात बदलते. महागाईचं अख्खं गणित त्यावर उभं केलंय. अरे, पण मोजलं कोणी? माझ्या ब्लॉगवर त्याला हे नाव अजून वापरलेलं नाही. तिथं आपलं ‘सन्माननीय ब्लॉगलेखक’!

४ मार्च
वर्गात एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, सातच ना? सगळ्या ब्लॉगवर आहे.” सगळ्या! माझा सोडून. डोकं फिरलं.

५ मार्च
साडेसातीला ब्लॉगवर लिहून टाकलं, जाहीर. पंधरा तारखेपर्यंत साताचा मूळ स्रोत दाखवा, नाहीतर ब्लॉग बंद करा. दाखवलात तर मी माझा बंद करते. तासाभरात त्याचं उत्तर — “मान्य.” एवढंच!
नवऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. “अगं, अकरा वर्षं लिहितेयस. पणाला कशाला लावलंस?”
म्हटलं, हरणार कोण आहे?

८ मार्च
माग काढत बसले. पेन्शनर ब्लॉगवाले म्हणतात, हा आकडा बँकवाल्या बाईंच्या ब्लॉगवरून घेतला. बँकवाल्या बाई म्हणतात, साडेसातीकडून. आणि साडेसाती? तोंडात मिठाची गुळणी. एकानं लिहायचं, बाकीच्यांनी डोळे झाकून उचलायचं — याला म्हणे अभ्यास!

११ मार्च
साडेसातीला अजून चार दिवस उरलेत.
वैताग हा की माणूस लिहितो चांगलं. बँका ठेवी जमवून मग कर्ज देत नाहीत, कर्ज देतानाच नवी ठेव तयार होते — हे मला त्यानंच पटवलं. दोन वर्षं भांडले त्याच्याशी. हरले, तेव्हा कबूल केलं नाही. वर्गात मात्र आता तेच शिकवते. कुणाला सांगायची सोय नाही.

१५ मार्च
संपलं! संध्याकाळी त्याच्या दोन ओळी — “स्रोत देणार नाही. शब्दाप्रमाणे थांबतो.” देणार नाही म्हणे! आहे कुठे द्यायला?
जिंकले. चहा केला, दोन कप. नवरा म्हणाला, “आता भांडणार कोणाशी?” त्याच्यावरच खेकसले.

१६ मार्च
दिवसभरात तीनदा त्याचा ब्लॉग उघडून पाहिला. सवय, दुसरं काय.

१७ मार्च
विजयाचा लेख लिहायचा म्हणून माझेच अगदी सुरुवातीचे लेख शोधले. ती जुनी साइट केव्हाच बंद पडली, प्रती फक्त कपाटातल्या लॅपटॉपवर. तिसराच लेख. “कॉलेजच्या कँटीनचा गल्ला बघून माझा आपला अंदाज — नोट वर्षाला साधारण सात वेळा हात बदलत असावी.”
माझा! अंदाज! गेली कित्येक वर्षं तोच फिरतोय.
खाली एकच प्रतिक्रिया. त्याची. “पैशाबद्दल इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं, मॅडम. आजपासून मीही लिहून बघतो.”

१८ मार्च
त्याला स्रोत माहीत होता. एक ओळ लिहिली असती, तर आज माझा ब्लॉग बंद असता.