लंडनचे बारा, आमचे साडेपाच

१ जाने. १९६१, रवि. पोलादपूर.
या हातांनी केलेलं: लंबकाची घड्याळं दोन. अंगणात सावलीचं एक. आणि पृथ्वी एक. रद्दीचा लगदा, मेथीची खळ, परीघ बरोबर साठ इंच. आठ महिने. 'चौथी पास माणसाने केली', लोक हे आधी बोलतात. बोलोत.

२ जाने., सोम.
चुलतभाऊ अण्णांचा वसंता सकाळच्या एस.टी.ने मुंबईला गेला. बुधवारी पहाटे साडेतीनला विमान, दुपारी बाराला लंडन. एकुलता. वहिनींचा उपास सुरू. घराण्याची रीत, माणूस समुद्रापार निघाला की पोचेपर्यंत घरच्या बाईच्या पोटात फक्त पाणी. त्यात त्या हिवतापातून नुकत्या उठलेल्या.
अण्णा : "बुधवारी बाराला उपास सुटतोय की."
बाराला कसा सुटेल? पृथ्वीवर धागा लावला. मुंबई ते लंडन पावणेअकरा इंच. पृथ्वीचा घेर पंचवीस हजार मैल, म्हणजे हे ४,४७९ मैल. जेट ताशी पाचशे धरलं तरी नऊ तास, शिवाय वाटेत दोन थांबे. साडेआठ तासांत पोचणार कसं! बारा ते तिथले. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. म्हणजे संध्याकाळी साडेपाच.

३ जाने., मंगळ.
शाळेचे गुरुजी भर बाजारात, माझ्या दुकानासमोर : "तिकिटावर छापलंय. बारा म्हणजे बारा. तुमचा भोपळा घरी ठेवा."
म्हटलं, भोपळ्यावर धागा धरून बघा, मग बोला. त्यांनी हातही लावला नाही.
वहिनी स्वतः दुकानात आल्या. कंदिलासमोर पृथ्वी फिरवून दाखवली. चटकन म्हणाल्या, "म्हंजे तिथं दिवस मागनं उगवतो." गुरुजींना हे अजून कळलं नाही.
जाताना : "भावजी, तुमी 'उतरला' म्हनाल तवाच जेवन. दुसऱ्या कुनाचं नाय ऐकायची."

४ जाने., बुध.
दुपारी साडेबाराला अण्णा धापा टाकत आले. वहिनींना घेरी आली.
"माजं न् गुरुजीचं ऐकत नाय ती. तू चल. हिशेब चुकला म्हन, पोर उतरलं म्हन. येवढंच!"
"पोर हवेत आहे, अण्णा."
"तुजा हट्ट मोठा की तिचा जीव रे?"
 गेलो मात्र. वहिनी भिंतीला टेकून, ओठ कोरडे. म्हटलं, वसंता अजून उतरला नाही, पण थोडी पेज घ्या, देव काही...
"हिशेब खरा हाय ना तुमचा?"
"खरा."
"मग उपास पन खरा. पानी द्या."
मीच दिलं.
आत्ता ३ वा. १० मि. साडेपाचला जाऊन 'उतरला' म्हणायचं आहे. विमानाला उशीर झाला असला तर? तार महाडला येईल ती उद्याच. धागा दोनदा लावला. पावणेअकराच.
'माझं चुकलं' एवढं म्हणायचे अण्णा मघाशी वाटेत एकशे एक रुपये देत होते. वर गुरुजींना सांगून पृथ्वी शाळेत काचेच्या कपाटात ठेववतो म्हणाले. घेतले नाहीत.